रसायनशास्त्रच का, असं तीनदा विचारलंय

प्रिय दादा,

तुझं तेरावं परवा झालं. उद्या कॉलेजात अर्ज द्यायची शेवटची तारीख, आणि तिसरा रकाना अजून कोरा आहे. विचारू कुणाला? म्हणून तुलाच लिहितेय.

आठवतं? अर्ज आणलास त्या संध्याकाळी आपण चाळीच्या गॅलरीत बसून वाचला. कोणता विषय घेणार व का? त्याची गोडी कशी लागली? त्याचा पुढे काय उपयोग करणार? तू हसतच सुटलास. "अगं, एकच चहा तीन कपांत ओतायला सांगतायत!"

पहिल्यात मी रसायनशास्त्र लिहिलं, शाळेतले मार्क लिहिले. दुसऱ्यात तेच पुन्हा लिहायला लागले, तर तू हात धरलास. "इथे माझे हात लिही."

गिरणीच्या रंगखात्यातून यायचास तेव्हा तुझे हात कोपरापर्यंत निळे! साबण, राख, रॉकेल, कशानेच तो रंग जायचा नाही. रंग असा चिकटून का बसतो, हे मी पाचवीत असताना विचारलं होतं. तुला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी रंगमास्तरांना विचारून आलास, त्यांची बोलणी खाऊन. तेच सगळं लिहिलं. तिसऱ्याचं म्हणालास, "सही घेऊन आल्यावर बघू."

मुख्याध्यापिका बाईंची सहीही राहिली होती, आणि बाई राहायच्या ठाकूरद्वारला. तू निघालास त्या दिवशी हरताळ. आई दारात आडवी आली. "उद्या जा रे झिला, आज लक्षण बरा दिसणा नाय."

"उद्या सकाळी अर्ज द्यायचाय, आजच जायला हवं," असं मीच म्हटलं ना? का ऐकलंस माझं?

परतताना तुला गोळी लागली. इस्पितळातून तुझ्या कपड्यांबरोबर अर्जही मिळाला, चार घड्या घातलेला. बाईंची सही होती त्यावर.

चाळीने तुझ्या फोटोला हार घातला. संयुक्त महाराष्ट्राचा हुतात्मा म्हणतात तुला. तू मोर्चांना जायचास, खरं आहे. पण त्या दिवशी तू माझ्या कामाला गेला होतास, हे घराबाहेर कुणाला सांगू?

बाबांनी गिरणीत माझं नाव घातलंय. आवाज चढवला नाही त्यांनी, म्हणून उलट बोलताही आलं नाही. मग पुढे काय उपयोग करणार, याचं काय लिहू रे?

आणि एक तुला ठाऊकच नाही. तू गेलास त्याच्या दुसऱ्याच दिवशी कॉलेजने मुदत पंधरा दिवस वाढवली. हरताळामुळे! मैत्रिणीने जिन्यात सांगितलं. त्या दिवशी तू आईचं ऐकलं असतंस तरी चाललं असतं रे.

आई रोज माझ्या पाठीवरून हात फिरवते. "शेवटचो दिस होतो चेडवा. तेका जावचाच लागला." तेवढ्यावरच ती उभी आहे. उद्या मी अर्ज घेऊन निघाले, तर तिला काय कळेल?

मी नाही जाणार, दादा. मुदत वाढली होती, हे आईला माझ्याकडून जन्मात कळणार नाही. शब्द देते.

तुझीच धाकटी,
शालन