योसेफआजोबांचं मीटर

प्रिय पप्पा,

तुम्हाला आणि मम्मीला बंगळुरूहून सलाम. तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं. डोकं मात्र तापलंय.

वर्षभर मी पुणतांब्याच्या आपल्या घरातून काम केलं, त्याच्या विजेसाठी कंपनीने भत्ता दिला. आता अकाउंट्सचा साहेब म्हणतो, बिल योसेफ अमोलिकांच्या नावावर आहे, म्हणून भत्ता पगारात धरून कर कापणार. म्हटलं, ते माझे आजोबा, वारले. तर म्हणतो, मग त्यांचं संमतिपत्र आण, सही त्यांचीच हवी. माणसाला लाज कशी वाटत नाही? मी दात आवळून उठले. बोलले असते तर नोकरीच गेली असती.

काल तुम्ही फोनवर म्हणालात, मीटर तुझ्या नावावर करून टाकतो. अजिबात करायचं नाही. आणि तो गुडघा घेऊन वीज ऑफिसात खेटे घालू नका. डॉक्टरला दाखवला का?

कापू दे त्याला कर. बिलवाला अजून दारात "योसेफ मास्तर" अशी हाक मारतो आणि मम्मी आतून ओ देते. माझ्या नावाने हाक आली, तर आजोबांना त्या घरात कोण बोलावणार?

तुमची,
शॅरन