बगळ्याच्या उणिवा

३ नोव्हेंबर, सकाळी
जाग आली ती त्या जुन्या आवाजानं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मी हिला पाठ्यपुस्तकातली कविता चालीवर म्हणून दाखवली होती, आणि स्वयंपाकघरातून आलं होतं, "हं." एका अक्षरात केवढी दाद! तेहतीस वर्षं शिकवलं, पण असा श्रोता वर्गात मिळाला नाही.
ही जाऊन आज महिना. हॉस्पिटलची पिशवी एकदाची उघडली. टॉवेल, चष्मा आणि वाचनालयाचं जाडजूड पुस्तक. सोळा-सतराच्या पोरींसाठीची प्रेमकथा, तीही जादूची! कुणीतरी चुकून दिलं असणार.

दुपारी
वाचनालयाच्या बाईंना फोन. चूक नाही म्हणे. येत्या शनिवारी वाचकगटात ही त्या पुस्तकाची बलस्थानं आणि उणिवा सांगणार होती. मला तर वाटायचं, शनिवारी ही भाजीला जाते. तिच्या जागी मी बोलेन, असं कळवून टाकलं. बाई म्हणाल्या, बघा हं, पोरं तोंडावर बोलतात. मी म्हटलं, भलेभले वर्ग गप्प बसवलेत.
संकल्प: रोज साठ पानं.

४ नोव्हेंबर
सहा पानं. टाइप फार बारीक. शिवाय खालच्या मजल्यावरच्या शिंप्याचं मशीन दिवसभर खडखडतं. त्याच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली: 'इथे साहित्याचं काम चालू आहे.'

५ नोव्हेंबर
वहीत दोन रकाने आखले.
बलस्थानं: टाइप मोठा (आज चष्मा लावला).
उणिवा: राजपुत्र शापामुळे दिवसा बगळा असतो, पण तिसऱ्या प्रकरणात भर दुपारी चमच्यानं सूप पितो. त्याचं वय तीनशे, नायिकेचं सतरा. तिच्या घरचे झोपलेत काय? पहिलं चुंबन पान २१२ वर, तोवर नुसते उसासे. पुढची पानं चाळली, चारशे पानांत एक कविता नाही.
समासात पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. हिच्याच. बरोबर चुका टिपल्यात! शेवटी बायको कुणाची?

६ नोव्हेंबर
सगळ्या खुणा एकाच वाक्यापाशी. राजपुत्र नायिकेला विचारतो, "तुला काय वाटतं?" आणि ती बोलेपर्यंत गप्प राहतो. एकदा तर अडीच पानं.
उणिवा: पुनरुक्ती.

७ नोव्हेंबर
मीसुद्धा विचारत असे. घराला रंग द्यायचा होता तेव्हा हिला विचारलेलं पक्कं आठवतं, कोणता रंग आवडेल.

दुपारी
विचारणारा रंगारी होता.
दुसरा प्रसंग आठवतोय. आठवेल.

संध्याकाळी
मुलीला फोन. आई माझ्या कविता म्हणण्याबद्दल काही बोलायची का? तिनं आधी माझ्या जेवणाचं विचारलं. मग म्हणाली, बाबा, जाऊ द्या ना आता. मी सोडलं नाही. तेव्हा म्हणाली, आई म्हणायची, मध्ये मध्ये 'हं' म्हटलं की लवकर संपतं.
पोरीला लहानपणापासून काव्याची जाण नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार
पुस्तक संपलं. शाप सुटतो, राजपुत्र कायमचा माणूस होतो, आणि त्याच पानावर नायिका धुक्यात नाहीशी होते. आता विचारणार कुणाला?
हॉस्पिटलात शेवटच्या संध्याकाळी मी हिला दोन कविता म्हणून दाखवल्या. ती ओठ हलवून काहीतरी सांगू बघत होती. मला वाटलं, तिसरी म्हणा म्हणतेय. म्हटली.
उणिवांचा रकाना खोडला. घसा बसलाय म्हणून गटाला कळवलं.

संध्याकाळी सहा
बेल वाजली. दारात शिंपी. चिठ्ठीवरून भांडायला आला असणार म्हणून कंबर कसली. त्याच्या हातात तसंच जाडजूड पुस्तक. दुसरा भाग. वहिनींनी नाव नोंदवून ठेवलं होतं, गटातून येताना घेऊन आलो, म्हणाला. दर शनिवारी दोघं गटातून चालत परत यायची म्हणे, बगळ्यावरून वाद घालत. वहिनी काय बोलायच्या हो, रस्ता पुरायचा नाही!
मी या म्हटलं नव्हतं, तरी चपला काढून आत आला. हिच्या खुर्चीत बसला. पहिला भाग झाला का, विचारलं. मी मान हलवली.
मग, तुम्हाला काय वाटतं, म्हणाला. आणि गप्प बसून राहिला, माझ्या तोंडाकडे बघत.
मी म्हणालो, "हं."