सुईचा पान्हा

समाधानदादा,

काल सांगवीच्या गोठ्यात तुझ्या हातात सुई बघितली आन् मला शिसारी आली. रेडकू आचळाला लागलं की म्हशीच्या मेंदूतल्या ग्रंथीतून हार्मोन सुटतं, मग पान्हा येतो. तू रेडकू विकलंस आन् सकाळ-सांजच्या दोन्ही धारांना त्याच हार्मोनची सुई टोचतोस.

इंदापूरच्या दवाखान्यात कळा मंदावलेल्या बाळंतिणींना मी तेच औषध सलाईनमधून थेंबाथेंबानं देते. त्यानं गर्भाशय आवळतं, बाया माझा हात धरून ओरडतात. तुझी म्हस रोज दोनदा ते मुक्यानं सोसते.

वर म्हणालास, "पायल, सातवा लागलाय, बाळंतपणाला हितंच ये. दुधाला तोटा न्हाय."

आई बघत होती. मी व्हय म्हटलं आन् त्याच दुधाचा चहा कप रिकामा होईपर्यंत प्यायले.

तुझीच बहीण,
पायल