चार बोटं खाली

प्रिय दादा,

तुला पत्र लिहायला बसण्याची ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा 'इकडे सगळे ठीक' याच्या पुढे पेन सरकलं नाही. आज दुपारी वर्कशॉप बंद ठेवलंय. आईला वाटतंय मी जेवून आडवा झालोय.

आधी घरचं सांगतो. आईचा चष्मा बदलला, तरी सुईत दोरा ओवायला मलाच हाक मारते. बाबा काठीशिवाय दारापर्यंत जातात आणि परत येताना भिंत धरतात. कुणी बघतंय असं वाटलं तर भिंतीवर काहीतरी तपासत असल्यासारखं करतात. वर्कशॉपचं शटर अजून डावीकडून अडकतं. तू लाथ मारून उघडायचास, मी तेल घालतो आणि ते तरीही अडकतं. दमलोय मी, दादा. काम फार आहे अशातला भाग नाही. उलट एकाच गाडीवर चार-चार दिवस घालवतो. घट्ट केलेला नट पुन्हा सोडवून बघतो.

मोटारसायकलींची हौस असलेली आपली रविवारची मंडळी अजून वर्कशॉपवर जमतात. शाळेतल्या मास्तरांनी त्यांची जुनी गाडी शेवटी पूर्ण केली. कंपनीतून निघाली तेव्हा टाकीवरचं चिन्ह एका बाजूला किंचित तिरकं होतं म्हणे, म्हणून त्यांनी नवं चिन्हही मोजून तिरकं लावलं. बेकरीवाल्याने टाकीवर पुन्हा ज्वाळा रंगवून घेतल्यात. या वेळी निळ्या, कारण लाल ज्वाळा सगळ्यांकडे असतात. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी गाडीवरचं काढता येईल तेवढं सगळं काढलंय, मडगार्डसुद्धा. पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन येतात आणि 'डिझाइन आहे ते' म्हणतात. मास्तर त्यांना म्हणाले, बाई, आता इंजिन तेवढं काढा, म्हणजे सायकल तयार. तासभर भांडतात. एकमत फक्त चहावर होतं, तेही साखरेपाशी येऊन मोडतं. पूर्वी या भांडणात सगळ्यांत मोठा आवाज आपल्या दोघांचा असायचा. आता मी पाने-पकडी पुसत ऐकतो. कुणी माझं मत विचारत नाही, आणि विचारलं तरी मी देत नाही.

तू म्हणायचास, गाडी म्हणजे शिवलेला सदरा, घालणाऱ्याच्या मापाचा हवा. मी म्हणायचो, बनवणाऱ्याने विचार करूनच बनवली असेल ना, मग आपण कोण त्यात करवत घालणारे? बाबांनी आपली नावंच ठेवली होती, करवत आणि फूटपट्टी. कुणी वर्कशॉपमध्ये आलं की खुर्चीतून विचारायचे, तुम्हाला करवत हवी की फूटपट्टी? गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं की खूश व्हायचे.

मग त्यांचीच गाडी आली. त्यांना पाय टाकून बसायला जड जायला लागलं होतं, पण ते सांगत नव्हते. तूच ओळखलंस. चेसिसचा मागचा भाग कापून सीट चार बोटं खाली आणायची आणि हँडल मागे घ्यायचं, असं तू ठरवलंस. मी आठ दिवस तुझ्याशी बोललो नाही. आपण लहान असताना ज्या गाडीच्या टाकीवर बसून फिरलो, तिला कापायचं? शेवटी आईने वाटणी केली. चेसिस तुझी, चाकं आणि ब्रेक माझे. तू कापलंस, जोडलंस, आणि बाबा पहिल्यांदा बसले तेव्हा त्यांचे दोन्ही तळवे जमिनीला टेकले. ते नुसते बसून राहिले, आई दोनदा जेवायला बोलवून गेली तरी.

माझ्या वाटणीत मी एकही नवी वस्तू घातली नाही. होतं तेच खरवडून, घासून, उजळून बसवलं. मागच्या ब्रेकची प्लेट चाकाबरोबर फिरू नये म्हणून तिला बांधून ठेवणारी पट्टी असते, त्या पट्टीचा बोल्ट पार गंजला होता. तू डब्यातून नवा काढून दिला होतास, करड्या रंगाचा, डोक्यावर काही खूण नसलेला. म्हणालास, "हा घाल, दिसतोय कुणाला?" मी म्हणालो, "मला दिसतो." आणि जुनाच बोल्ट मुलामेवाल्याकडून चकचकीत करून आणला. डोक्यावरचा कंपनीचा शिक्का स्वच्छ वाचता येत होता. मला फार अभिमान वाटला होता त्याचा.

चार महिन्यांनी बाबा पुलाच्या उतारावर पडले. पुढचं तुला माहीत आहे. तरी मी लिहितो, कारण आजवर मी ते कुणाजवळ नीट उच्चारलेलं नाही. बाबा दवाखान्यात होते आणि गाडी टेम्पोतून आली. मागचा भाग पिळवटला होता, आणि तू जोडलं होतंस तिथेच रंगाला चीर गेली होती. मी त्या चिरेत नख घातलं आणि सगळ्या मंडळींसमोर म्हणालो, "तुझ्या जोडाने बाबांना पाडलं." तू खाली वाकून मागच्या चाकाकडे बराच वेळ बघत राहिलास. मला वाटलं, नजर चुकवतोयस. दुसऱ्या दिवशी तू सकाळीच पायी पुलाकडे गेलास. मला वाटलं, तोंड लपवतोयस. चौथ्या दिवशी वेल्डिंगचा मुखवटा खिळ्याला अडकवलास आणि गेलास. त्याला चार वर्षं झाली. तू तिकडे बस डेपोत टायर बदलतोस आणि वेल्डिंगला हात लावत नाहीस, हे आईकडून कळतं. कळलं की मी विषय बदलतो.

गाडीवर मी ताडपत्री टाकली ती टाकलीच. गेल्या आठवड्यात बाबा म्हणाले, चालवायची नाही मला, नुसतं अंगणात तिच्यावर बसायचंय. म्हणून उघडली. आधी तुझा जोड बघायचा म्हणून रंग खरवडला. दादा, चिरला होता तो फक्त रंग आणि त्याखाली भरलेली पुट्टी. जोड जसाच्या तसा होता. आजूबाजूचा पाइप वाकला, पण तुझ्या जोडाला केसाएवढीही भेग नाही. मी भिंग लावून बघितलं, मग भिंग पुसून पुन्हा बघितलं. त्यानंतर ब्रेकची पट्टी बघितली. ती लोंबत होती. बोल्टचा अर्धा तुकडा आत होता आणि डोकं नव्हतं. ब्रेक दाबल्यावर प्लेट चाकाबरोबर गरकन फिरली असणार आणि चाक जागच्या जागी अडकलं असणार.

तो तुकडा घेऊन मी मुलामेवाल्याकडे गेलो. त्याने दिव्याखाली धरून बघितला आणि विचारलं, हा असा ताण घेणारा बोल्ट होता, हे मला का नाही सांगितलंस? गंज काढायला ॲसिडमध्ये बुडवतात, त्याने कडक पोलाद ठिसूळ होतं. लगेच भट्टीत तापवून घेतलं तरच वाचतं. मी त्याला नुसतं 'शोभेचं काम आहे' म्हणालो होतो. "तोंड उजळतं, कणा जातो," म्हणाला. रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

मी सगळं दोनदा मोजणारा माणूस. तुझा जोड मी नखाने तपासला, आणि माझं स्वतःचं काम चार वर्षांत एकदाही वाकून बघितलं नाही.

घरी येऊन तुकडा बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही. म्हणाले, "याचं डोकं तुझ्या दादाकडे आहे. पुलावरून शोधून आणलं त्याने." मग म्हणाले, "तो म्हणाला, फूटपट्टीला कळलं की आपण चुकलो, तर ती पुन्हा काही मोजायची नाही. मला गप्प बसवून गेला." मी त्यांच्यावर ओरडलो, दादा. आयुष्यात पहिल्यांदा. चार वर्षं ते आपल्या दोघांच्या मधे ते दुखरं कंबरडं घेऊन गप्प बसून होते. तुझाही राग आला मला, आणि अजून पुरता गेलेला नाही. माझं ओझं न्यायला तुला कुणी सांगितलं होतं?

काल रविवार होता. ज्यांच्यासमोर तुला बोललो होतो, त्यांच्यासमोरच तुकडा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मास्तरांनी चष्मा काढून पुसला. बेकरीवाला साखरेवरून न भांडता चहा प्यायला. डॉक्टरीणबाईंनी तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला आणि म्हणाल्या, मुळापासून गेलाय. हसू आलं मला, आणि मग हसू राहिलं नाही.

आता हे पत्र कशासाठी, ते लिहितो. माफी मागण्यासाठी लिहायला घेतलं होतं, पण ती मला पत्रातून उरकायची नाही. चेसिसचा वाकलेला भाग कापून नवा जोडायचाय. गावात दुसरे वेल्डर आहेत, चांगलेही आहेत, पण मी त्यांना हात लावू देणार नाही. बाबांना बसवून माप घेतलं. आता चार बोटं पुरणार नाहीत, सहा लागतील. खडूने रेघ ओढून ठेवली आहे. दोनदा मोजली, मग पुसून पुन्हा ओढली. कापायचं तू. ब्रेकला तू डब्यातून देशील तो बोल्ट घालीन, कसाही दिसो. तुझा मुखवटा खिळ्यालाच आहे, काच मी पुसली आहे. येताना ते डोकं घेऊन ये. दोन्ही तुकडे मला माझ्या बाकावर, मापाच्या पेटीशेजारी हवेत. तू आजवर सांभाळलंस, आता माझं मला दे. आणि यायचं नसेल तर तसं कळव. मी रेघ पुसणार नाही. रोज सकाळी शटरला तुझ्यासारखी लाथ मारून बघेन, उघडतंय का.

तुझीच,
चुकलेली, तरी अजून मोजणारी,
फूटपट्टी