मुठीतला गुलाल

रविवार, चैत्र व. दशमी

टीव्हीवर इतकी रटाळ मोटारींची शर्यत कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. समुद्राकाठचं कुठलं तरी श्रीमंतांचं शहर, अरुंद रस्ते, दोन्ही अंगांना भिंती. गाड्या वरातीसारख्या एकामागे एक. ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने पोचल्या. भिसेगावचा मोहन तर दिनकरच्या गॅरेजातल्या त्या मोडक्या सीटवर घोरायला लागला.

कंटाळा मी सोसला असता. राग आला तो निळ्या गाड्यांच्या संघाचा. त्यांच्या एका ड्रायव्हरने मुद्दाम गाडी हळू चालवली. मागे आमचे लाल अडकले. तेवढ्यात निळ्यांचाच दुसरा निवांत टायर बदलून पुढे. ड्रायव्हरच्या कानातल्या रेडिओवर हुकूम दिलेला आम्ही सगळ्यांनी ऐकला. आणि पंच? पडद्यावर पाटी लावली, चौकशी शर्यतीनंतर.

मी उभा राहून ओरडलो, की हे पंच भेकड आहेत. डोळ्यांना दिसतंय ते तिथल्या तिथे सांगायला काय जातं?

दिनकर वीस वर्षं निळ्यांचा, मी वीस वर्षं लालांचा. मांडीवर थाप मारून म्हणाला, "डोकं लागतं सदा, डोकं! तुमच्याकडं नुसता हॉर्न हाय."

शर्यतीच्या गाडीला हॉर्न नसतो हे त्यालाही माहीत आहे. तरी बोलतो.

मोहन जागा होऊन, "कोण जिंकला रं?"

चहा न घेता निघालो. शिळफाट्यावरच्या गॅरेजापासून घरापर्यंत स्कूटरवर एकटाच बडबडत होतो.

सोमवार, एकादशी

उपास. माझ्या भातगिरणीत गर्दी नव्हती. मोबाइलवर निकाल पाहिला: कारवाई नाही. नियमात बसतं म्हणे.

नियमात बसतं! जोत्यावर बसून दुसऱ्याच्या वाटेत पाय लांब करणंही नियमातच बसतं.

सौ. म्हणाली, "त्या परक्या मुलखातल्या मानसांपायी एकादशीला तोंड कडू करून बसलाव? हरिपाठ तरी म्हना."

म्हटला. मध्ये दोनदा निळी गाडी आडवी आली.

गुरुवार, चै. व. चतुर्दशी

अक्षय तृतीयेला गावदेवीची जत्रा आणि आपली शेतातली शर्यत. बैलांच्या शर्यतीवर बंदी होती त्या काळात गावाने मोटारसायकली पळवायला सुरुवात केली. बंदी उठली तरी मोटारसायकली राहिल्या. रिवाज मात्र सगळे बैलांचेच. सुरुवातीला देवीच्या नारळावर हात ठेवून बोलायचं, खोटं खेळणार नाही. शेवटी पंचाने जिंकणाऱ्याच्या टाकीवर गुलाल टाकायचा, मग कपाळाला लावायचा. गुलाल पडला की निकाल पक्का, मागे फिरत नाही. पूर्वी बैलांच्या पाठीवर टाकायचे.

पंच याही वर्षी मी. भांडण झालं तर दोन्हीकडचे माझं ऐकतात, एवढंच कारण.

आज बांध सपाट करून घेतले. आंब्याजवळची वाट अरुंदच राहणार, तिथे एका वेळी एकच गाडी. आंबा तोडायचा नाही हे आधीच सांगून टाकलं.

दिनकर आला होता. गॅरेजातले त्याचे दोघे मेकॅनिक उतरतायत, नीलेश आणि राजू. रविवारचा विषय दोघांनीही काढला नाही. त्याने वाट पायांनी मोजली, आंब्यापाशी जरा जास्तच थांबला. मला वाटलं सावलीला थांबला.

रविवार, अक्षय तृतीया

आजचं जमेल तेवढं लिहितो.

ठाकूरवाडीहून काशिनाथ आला होता. तिशीतला, वीटभट्टीवर जातो, नाहीतर डोंगरात पाहुणे फिरवतो. भंगारातून जमवलेली गाडी. सोबत आख्खी वाडी, ढोलासकट. बक्षिसाची ढाल जिंकणाऱ्याच्या गावात वर्षभर राहते. ठाकूरवाडीत ती आजवर कधी गेलेली नाही.

पहिल्या फेरीपासून काशिनाथ आणि नीलेश बरोबरीत. काशिनाथ गाडी धुरळ्यात अशी वळवत होता की ढोलवाले वाजवायचे थांबून बघत राहिले. मागून राजू. राजूने एका वळणावर आतून गाडी घातली, काशिनाथच्या पुढे झाला. तिथवर ठीक. शर्यत आहे.

मग आंब्याची वाट आली आणि राजूने गाडी जवळजवळ उभी केली. पडला नाही, बंद पडली नाही. पहिल्या गिअरमध्ये गुरगुरवत, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मागे काशिनाथ हॉर्न वाजवतोय. (याच्या गाडीला हॉर्न होता.) नीलेश तोवर निम्मं शेत पुढे. पुढच्या फेरीला पुन्हा तेच. तिसऱ्यालाही.

आणि बांधावर उभा राहून दिनकर राजूला हाताने दाखवत होता, हळू, आणखी हळू. मी पाहिलं. मी पाहतोय हे त्याने पाहिलं.

नीलेश पहिला आला. गाडी माझ्यासमोर उभी केली, टाकी पुढे केली. मूठ भरलेली होती. सगळे थांबले.

मूठ उघडेना.

कुणीतरी, "टाका की पंच!" ठाकूरवाडीच्यांनी ढोल खाली ठेवले. काशिनाथ हेल्मेट काढून नुसता बघतोय. मग माझ्या तोंडून निघालं, निकाल नंतर सांगतो.

बोललो आणि लगेच कळलं काय बोललो ते. बांधावरून दिनकर मोठ्याने, सगळ्या जत्रेसमोर, "वा रं सदा! शर्यतीनंतर चौकशी!"

लोक हसले. हसण्याचं कारण निम्म्यांना माहीतही नसेल.

तशीच मूठ मिटून घरी आलो. सदरा, स्कूटरचं हँडल, सगळं गुलाबी. सौ.ने कागद पुढे केला, त्यावर गुलाल झटकला, पुडी केली. देव्हाऱ्यात ठेवली आहे. ढाल देवळात.

मंगळवार, वैशाख शु. पंचमी

दिनकर गिरणीत आला. पट्टा चालू होता म्हणून दोघेही ओरडून बोलत होतो, नंतर पट्टा बंद केला तरी ओरडतच होतो.

"राजूनं कुनाला पाडला? वाट सोडली? नारळावर हात ठिवून काय बोललाव आमी, गाडी जोरात चालवीन असं बोललाव?"

मी म्हणालो, खोटं खेळणार नाही असं बोललात.

"ह्यात खोटं काय हाय? मागच्याला पुढं जाऊ देऊ नये म्हंजेच शर्यत. तुझे लालवाले कुनाला हात जोडून वाट देतात का रं?"

उत्तर हा माणूस गेल्यावर सुचतं, नेहमीचंच. आता लिहितो. स्वतः जिंकायला आलेला माणूस माझ्या वाटेत आला, तर ती शर्यत. राजू जिंकायला आलाच नव्हता. तो शर्यतीत नव्हता, आंब्याजवळ उभी केलेली भिंत होता. देवीच्या नारळावर हात ठेवून भिंत व्हायचं...

जाताना म्हणाला, "तुला राग माझा न्हाय. त्या निळ्या गाडीचा राग माझ्यावर काढतोस."

हे मात्र लागलं. दिवसभर घासून पाहिलं. समजा लालांनीच हे केलं असतं तर? ओरडलो असतो का मी? देव्हाऱ्यासमोर बसून खरं विचारलं स्वतःला. थोडं कमी ओरडलो असतो. पण गुलाल? गुलाल नसता टाकला.

बुधवार, षष्ठी

शिळफाट्यावर फ्लेक्स लागलाय! बेल्ट आणायला गेलो होतो, चौकात थांबून वाचतच राहिलो. नीलेश गाडीवर बसलेला, मागे कडाडणारी वीज. "ढालीचा मानकरी, हार्दिक अभिनंदन." वर काळा चष्मा लावलेला दिनकर. आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत मी! जावळाच्या जेवणात काढलेला फोटो, तोंडात घास आहे की काय असा.

गुलाल पडलेला नाही आणि अभिनंदन. आणि माझ्या तोंडाने!

गॅरेजात गेलो नाही. गेलो असतो तर हात उगारला गेला असता. रिक्षावाला म्हणाला, "काका, फोटू झ्याक आलाय."

घरी सौ. हसून हसून बेजार. "इतक्या वर्सांत पयल्यांदा शिळफाट्यावर तुमचा फोटू लागला, आनि तुमी रडताव."

गुरुवार, सप्तमी

काशिनाथ भात घेऊन आला भरडायला. शर्यतीचं एक अक्षर नाही. तांदूळ पोत्यात भरताना मीच विचारलं, राग आलाय का?

म्हणाला, "राग येऊन काय करू दादा. आयेनं भितीत कोनाडा केलाय ढालीला. चांगला सारवून, पांढरं चित्र काढून. मी सांगितलं होतं तिला, ह्या साली आनतोच. आता रोज इचारते, पंच काय बोलला?"

मग पोतं खांद्यावर घेतलं. दारातून वळून, "तुमी टीवीवर बघता तिथं काय करतात असं झालं म्हंजे?"

मी म्हणालो, काही करत नाहीत. नियमात बसतं म्हणतात.

"मंग तिथलं पन आमच्यावानीच हाय," म्हणाला आणि हसला. मला हसू आलं नाही. तोंडात माती गेल्यासारखं झालं.

भरडायचे पैसे घेतले नाहीत तर तो माझ्या मनातलं ओळखेल म्हणून घेतले.

शुक्रवार, अष्टमी

गावकऱ्यांनी टूम काढली की देवीच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावा. उजवी पाकळी पडली तर नीलेश, डावी पडली तर काशिनाथ. मी मोठमोठ्याने विरोध केला. देवीने काय मोटारसायकलींचे निकाल द्यायचे? पाऊसपाणी, लग्नं, गुरंढोरं, तिच्याकडे काय कमी कामं आहेत?

एवढं बोलून संध्याकाळी एकटाच गेलो देवळात. खोटं कशाला लिहू, कौल लावायलाच गेलो. फुलंही घेतली होती, रुमालात झाकून.

गुरवबाबा समई पुसत होते. रुमालाकडे बघून म्हणाले, "गाडीचा हाय का?"

हो म्हणालो.

"ज्याला ठाव नाय त्यानं कौल लावावा. तुला ठाव हाय का नाय कोन जिंकायला हवा होता?"

मी रुमाल उलगडला.

"मंग फुलं वाह, पाया पड आनि घरी जा. तुझं वझं देवीच्या डोक्यावर कशाला देतोस रं?"

फुलं वाहिली. ढाल देवीच्या बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली, तिच्यावर धूळ बसायला लागली आहे. धोतराच्या सोग्याने पुसली.

चीड आली, पण कुणाची ते सांगता येईना. टीव्हीवरचे ते कोटवाले पंच आठवले. त्यांच्याही घरी कुणी दिनकर असेल काय? त्यांनाही रविवारी कुठे तरी जाऊन बसायचं असेल. तरीही भेकडच ते. हे खोडणार नाही.

शनिवार, नवमी

मोहन भिसेगावहून मुद्दाम आला. दिनकरने पाठवलं असणार, तो नाही म्हणाला. "निम्मी निम्मी ढाल करा. सहा महिने हिकडं, सहा महिने तिकडं. तुमच्या दोघांच्या भांडनात माझी झोपायची जागा चालली."

हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण सहा महिने कोनाड्यात आणि सहा महिने गॅरेजात, म्हणजे सहा महिने खरं आणि सहा महिने... नाही. मोहनला तसं सांगितलं. तो म्हणाला, "तू काशिनाथला दिलास ना गुलाल, तर दिनकर तुझ्यासाठी टीवी लावायचा न्हाय. त्याला वळखतोस ना?"

ओळखतो. बाबा गेले तेव्हा सुतकात गिरणी त्याने चालवली, मला दारही उघडू दिलं नाही. माझ्या स्कूटरला आजवर दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही. आणि भांडायला दुसरं आहे कोण? गावात या शर्यतीतलं कळणारे आम्ही दोघेच. मोहन झोपतो.

रविवार, वै. शु. दशमी

संध्याकाळी शर्यत आहे. या वेळी रुंद रस्त्यांची, चांगली होईल म्हणतात.

दुपारी दिनकरचा फोन. पंधरवड्यातला पहिला. हॅलो नाही, काही नाही. "येतोस ना? राजू भजी तळतोय." मग, "आनि गुलाल घेऊन ये. नीलेश वाट बघतोय बिचारा. एकदा टाकून मोकळा हो."

मी विचारलं, फ्लेक्स काढलास?

"पंचांचा फोटू हाय त्यावर, कसा काढू?"

हसला. मीही हसणार होतो, थोडक्यात वाचलो. मग विचारलं, दिनकर, मनापासून सांग, आंब्यापाशी तू मागे असतास तर?

तिकडून पान्हा आपटल्याचा आवाज. मग, "भजी गार व्हतील," आणि फोन ठेवला.

देव्हाऱ्यातली पुडी काढली. सौ. बघत होती. म्हणाली, "कुनाकडं?"

सदरा बदलला. पांढरा नको, तो निळसर घाल म्हणाली, डाग दिसत नाहीत. पांढराच घातला. पुडी वरच्या खिशात आहे, लिहिताना कागद टोचतोय.

दिवेलागण झाली. ढाल घ्यायला आधी देवळात जातो. रस्त्यावर ठाकूरवाडीचा फाटा आधी लागतो, तिथे वळायचं; शिळफाटा नंतर. शर्यत सुरू व्हायला अजून वेळ आहे.