पहिला घास कुणाचा?

तीर्थस्वरूप क्लोतिल्दमावशीस,

आन्सेल्मचा साष्टांग नमस्कार. (पोट इतकं तुडुंब भरलंय की वाकणं शक्य नाही, तेव्हा उभ्यानेच मान्य करून घे.) तुझे गुडघे काय म्हणतात? तुमच्या ब्रेसकडे थंडी फार पडलीय म्हणे, जपून राहा. मी जिवंत आहे. याउपर माझ्याबद्दल चांगलं सांगण्यासारखं काही नाही.

तुला ठाऊकच आहे, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारआधी बोजोलेच्या नव्या वाइनला हात लावला तर गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही. यंदा पहिलं पिंप उघडायचा मान माझा. वाइन काय उतरलीय म्हणून सांगू! कोवळी, लालचुटुक, जराशी गार करून प्यायली की माणूस उगाचच हसायला लागतो. पण ज्याचं पिंप त्यानेच सोबतचा पहिला घास ठरवायचा, ही आमच्या गावची रीत. इथेच माझे बारा वाजले.

कारण मला ओनोरीनशी लग्न करायचंय. (हो, तीच, शेळ्यांवाली. हसू नकोस. चीज वळताना ती गुणगुणायला लागली की मला काही सुचत नाही, खरंच सांगतो.) तिचं म्हणणं, या वाइनसोबत तिचं ताजं चीज नसेल तर ते नुसतं लाल पाणी. आणि तिचा थोरला भाऊ फुल्बेर, गावचा खाटीक, ज्याच्या होकाराशिवाय ती लग्नाला उभी राहणार नाही, तो म्हणतो सॉसेजच हवं. चीज हे दात पडलेल्यांचं जेवण. त्यावर ती म्हणाली, "तुझं सॉसेज म्हणजे मेलेल्या डुकराने घेतलेला सूड!" झालं, गाव दुभंगलं. न्हावी सॉसेजवाला, त्याने चीजवाल्यांच्या अर्ध्याच दाढ्या केल्या. पाद्रीबुवा प्रवचनात पावाचं नाव निघालं की पुढे बोलेनात, कारण पावावर काय, हे सांगायची चोरी.

मग मला अक्कल सुचली. (तू डोक्याला हात लावलास ना? लाव.) फुल्बेरच्या सॉसेजांत मी ओनोरीनचं चीज ठासून भरलं, आणि आपण करतो तशी ती द्राक्षांच्या चोथ्यात शिजत ठेवली. गुरुवारी भर दुपारी, चौकात, सगळ्यांसमोर मी झाकण उघडलं आणि सॉसेजं धडाधड फुटली. एक चर्चच्या दारावर, एक न्हाव्याच्या टकलावर, आणि एक थेट मेयरबाईंच्या खांद्यावरच्या मानाच्या तिरंगी पट्ट्यावर! बाईंनी शांतपणे पट्टा चाटला, म्हणाल्या, "वाइन ओत रे." मग काय, सगळं गाव पाव घेऊन भिंती पुसायला लागलं. न्हाव्याचं डोकं पुसायला तर रांग लागली.

"बघा, सॉसेजची चव!" फुल्बेर ओरडला.

"डोळे फुटले का तुझे? चीज आहे ते!" ओनोरीन कडाडली. मग दोघंही माझ्याकडे वळली. "आन्सेल्म, तूच सांग!"

मी सरळ चक्कर आल्याचं सोंग केलं. ते इतकं वठलं की पाद्रीबुवा अंतसमयीचं तेल घेऊन धावत आले.

असो. बाकी सर्व क्षेम. घरच्या मंडळींना नमस्कार.

तुझा लाडका भाचा,
आन्सेल्म

ता.क. एक लिहायचं राहिलं. कपाळाला तेल लावून पाद्रीबुवा कानाशी म्हणाले, "बाळ, आता तरी खरं बोल, या वाइनसोबत तुला काय आवडतं?" मावशी, मरणाऱ्याने खोटं कसं बोलावं? मी म्हणालो, "मावशीच्या हातची भाजलेली कोंबडी." ते अख्ख्या चौकाने ऐकलं. आजवर एकमेकांचं एक न ऐकणाऱ्या त्या बहीणभावाचं पहिल्यांदा एकमत झालं: मी गाढव आहे. येत्या रविवारी दोघं माझी वाइन घेऊन तुझ्याकडे जेवायला येताहेत. कोंबडी त्यांच्या मालाहून सरस ठरली, तर लग्न मोडलं.

आणखी एक ता.क. मावशी, पाया पडतो, कोंबडी करपव. खारट कर, कच्ची ठेव, पिसांसकट वाढ. माझ्या सुखासाठी जन्मात एकदा वाईट रांध! तुला ते जमायचं नाही, हीच मला धास्ती. तेव्हा रविवारी तू चर्चला जा आणि साधं अंडंही करपवणाऱ्या काकांना चुलीपुढे बसव.