हे, चार रंगांत

३ नोव्हेंबर, सोमवार

…आणि दूध गॅसवर ठेवून मी जिना उतरायचे, कारण सकाळचा पहिला हात माझा, हे ठरलेलं. त्याआधी केर काढलेला असायचा, दोन कपडे पिळलेले असायचे, चिरंजीवांना दोनदा हाक मारून झालेली असायची. खाली वर्कशॉपमध्ये हे जाळी ताणलेली स्क्रीनची चौकट दाबून धरायचे, मी रबराची पट्टी ओढायचे. शाई जाळीतून खाली उतरायची आणि कागदावर उमटायचं: 'शुद्ध खोबरेल तेल'. पहिलं लेबल नेहमी वाकडं. ह्यांचं म्हणणं, ते आपल्या घरच्या बाटलीला. आमच्या घरात एकाही बाटलीवर सरळ लेबल नव्हतं.

एवढं आठवत बसले आणि आज दूध खरोखरच उतू गेलं.

रोजनिशी लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. चिरंजीवांनी सांगितलंय, महिनाअखेर वर्कशॉप रिकामं हवं. एक तारखेपासून तिथे गादीवाला दुकान मांडणार. म्हणाला, आई, बाबा गेल्यापासून अकरा महिने तू बंद शटरच्या आत पंखा लावून बसतेस, लोक मला विचारतात. मी म्हटलं, मग सांग त्यांना की पंखा चांगला आहे.

मला हरकत काहीच नाही. माझं त्या जागेत काही अडकलेलं नाही. संकल्प: रोज एक फळी रिकामी करायची.

संध्याकाळी: पहिली फळी झाली. म्हणजे सगळं खाली काढलं, पुसलं आणि परत वर ठेवलं. न पुसता टाकून देणं बरं दिसत नाही.

५ नोव्हेंबर, बुधवार

दुसरी फळीसुद्धा पुसली.

वाचनालयात गेले. ग्रंथपालबाईंनी एक जाडजूड पुस्तक पुढे केलं. म्हणाल्या, काकू, हे कुणी नेत नाही, चित्रांचं आहे, तुम्हाला चालेल का? मला छापलेलं काहीही चालतं. माझं वाचन लेबलांवर झालंय. शाळा चौथीत सुटली, पण लग्नानंतर 'घटक पदार्थ', 'वापरण्याची पद्धत' आणि 'थंड व कोरड्या जागी ठेवा' इथून सुरुवात करून मी कादंबरीपर्यंत पोचले.

पुस्तकाचं नाव पॉप आर्ट. वजन भरपूर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज फळी राहिली. पुस्तकाने दिवस खाल्ला.

झालं असं, की त्याआधीचे मोठे चित्रकार आतली तडफड कॅनव्हासवर उडवायचे. शिंतोडे, ओघळ, फरांटे. बघणाऱ्याने ओळखायचं की माणूस दुःखात आहे. मला हे पटलं नाही. आतलं आत बरं असतं. मग इंग्लंडात काही तरुण मंडळी जमली, ही गोष्ट १९५० नंतरची. त्यांनी मासिकांतल्या जाहिराती कापून चिकटवल्या आणि म्हणाले, बाजारात जे दिसतं त्यालाच चित्र का म्हणू नये? पुढे अमेरिकेत हे खूळ फोफावलं. एकाने सूपचे डबे काढले, अगदी दुकानात मांडतात तसे, ओळीने. कुणी कॉमिकमधली रडणारी बाई काढली, छपाईतल्या ठिपक्यांसकट. नट्यांचे चेहरे, तेच तेच, रंग बदलून.

आणि छापलं कशावर, तर स्क्रीनवर. जाळी, शाई, रबराची पट्टी.

मी पुस्तक मिटलं आणि थोडं पाणी प्यायले.

८ नोव्हेंबर, शनिवार

निष्कर्ष: आम्ही पॉप आर्टवाले होतो. तीस वर्षं. आम्हाला कुणी कळवलं नाही.

पुस्तकात लक्षणं दिली आहेत. सगळ्यांच्या ओळखीचं, स्वस्त, ढिगाने निघणारं, भडक, थोडं वात्रट, चटकन विसरलं जाणारं. शेवटचं सोडून सगळं आमच्याकडे होतं.

सूनबाईला सांगितलं. ती म्हणाली, पण आई, त्यांनी डब्याचं चित्र काढलं, तुम्ही डब्यालाच लावायचं छापलं, त्यात फरक नाही का? मी म्हटलं, आहे, आमचं काम जास्त कठीण, ते तेलातही टिकावं लागतं. ती हसली. पोरगी हुशार आहे, पण कलेत कच्ची.

१० नोव्हेंबर, सोमवार

ठरलं. रविवारी तेवीस तारखेला वर्कशॉपमध्ये प्रदर्शन. नुसती जुनी लेबलं नाहीत, नवी कलाकृती करायची. चेहरा हवा. नट्यांचे चेहरे वापरून झालेत, म्हणून ह्यांचा.

एकदा ते पाहिलं की जाणकार माणूस म्हणेल, ही जागा जपली पाहिजे. मग चिरंजीव आपण होऊन गादीवाल्याला नाही कळवतील. मला स्वतःला तोंड उघडावं लागणार नाही. म्हणजे, माझं तिथे काही अडकलंय असं नाही. हा कलेचा प्रश्न आहे.

चिरंजीवांना फक्त प्रदर्शनाचं सांगितलं. म्हणाला, लेबलांचं? म्हटलं, पॉप आर्टचं. म्हणाला, आई, फळ्या किती रिकाम्या झाल्या? म्हटलं, पुसून सगळ्या तयार आहेत. म्हणाला, गादीवाला मापं घ्यायला येणार होता. म्हटलं, रविवारीच बोलव. मापं घेता घेता कलाही बघून होईल.

तो बराच वेळ माझ्याकडे बघत होता. बापासारखाच बघतो.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

ह्यांचा मोठा फोटो एकच आहे, परवान्यासाठी काढलेला. फोटोग्राफरने खिशातून काहीतरी काढून घेतलंय आणि ह्यांना ते कळलंय, असा चेहरा. स्वभावाने माणूस तसा नव्हता. पण कॅमेरा दिसला की भिवया खाली यायच्या.

फोटोची काळी-पांढरी फिल्म करून आणली. स्क्रीनला इमल्शन, म्हणजे उजेडाने घट्ट होणारा लेप, चोपडलं, फिल्म ठेवली, दिवा लावला. दिवा जरा जास्त वेळ राहिला, कारण मी मनातल्या मनात प्रदर्शनाचं भाषण करत होते. धुतल्यावर बघते तर सगळं बुजलेलं, फक्त मिशी आली. कागदावर लाल मिशी. तिच्या वर-खाली कुणीच नाही.

पुस्तकात अशा एकेका अवयवाची मोठमोठी चित्रं आहेत. मिशी ठेवून दिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दुसरी स्क्रीन उत्तम. हे पूर्ण आले. चिरंजीव डोकावला आणि म्हणाला, आई, बाबांचा भांग उजवीकडे कसा? फिल्म उलटी लागली होती. मी सांगितलं, कलेत भांग कुठेही पडतो. म्हणाला, चष्म्याचा लाल रंग गालावर गेलाय. मी पुस्तक उघडून दाखवलं की हे लोक मुद्दाम रंग सरकवायचे. तो म्हणाला, तू मुद्दाम सरकवलास? मी म्हटलं, तुझ्या बायकोचा फोन वाजतोय वर.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज रंगांचा दिवस. डब्यांत लाल, निळा, पिवळा शिल्लक. हिरव्यावर साय धरली होती, ती काढली. चार रंग पुष्कळ झाले.

चांगला कागद शनिवारीच संपला. ढिगाने आहे तो लेबलांचा, मागे डिंक लावलेला. तोच घेतला. कलाकार हाती असेल त्यातून उभं करतो.

पुस्तक म्हणतं, एकच चेहरा पुन्हा पुन्हा छापला की तो बोथट होतो, बघणाऱ्याला काही वाटेनासं होतं. म्हणून मी निर्धास्त होते. पट्टी ओढली, चौकट उचलली, निळे हे. कागद बदलला, ओढली, उचलली, पुन्हा हे. प्रत्येक वेळी नुकतेच आल्यासारखे. पिवळे हे. मग हिरवे हे, जरा आजारी वाटले, पण आले. मी थांबायचं ठरवत होते आणि कागद बदलत होते. वाळत घालायच्या दोऱ्या भरल्या, टेबल भरलं, खुर्ची भरली. सूनबाई जेवायला बोलवायला आली, तर तिला उभं राहायला जागा नाही. म्हणाली, आई, बाबांनी भरलंय सगळं.

पुस्तकाचा मुद्दा चुकीचा आहे. कधी भेटले तर सांगेन त्या लेखकाला.

जेवायला चार वाजले. मजा आली. लिहून ठेवते, आज मजा आली.

२० नोव्हेंबर, गुरुवार

भाषणाचा सराव, आरशासमोर. 'पॉप आर्ट म्हणजे काय? पॉप आर्ट म्हणजे आपणच.' इथे टाळ्यांसाठी थांबायचं. आरशात थांबले तर माझ्याच अंबाड्यातून काटा पडला.

आमंत्रणं केली. ग्रंथपालबाई येणार. चिरंजीव म्हणाला, एवढ्याने मन भरलं की सोमवारी आपण दोघं मिळून फळ्या उतरवू, चालेल ना, आई? अगदी हळू विचारलं त्याने. मी चालेल म्हटलं. सोमवारपर्यंत जगाला कळलेलं असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी आधी भिंती ओल्या फडक्याने लख्ख पुसल्या. मग चित्रं लावायला घेतली. बेत असा, की भिंतीला टेकवून जागा ठरवायची आणि नंतर खिळे मारायचे.

तीस वर्षं ह्याच कागदावर काढली मी. डिंकाचा कागद ओल्या भिंतीला टेकवला तर काय होतं, हे मला कुणी सांगायला नको होतं. कुणी सांगितलंही नाही.

पहिलं निघेना म्हणून शेजारी दुसरं टेकवून पाहिलं. तेही निघेना. तोवर हुरूप आला. आता तीन भिंती चिकटल्या आहेत. एक हे उलटे लागलेत, डोकं खाली. त्या चित्राला 'विश्रांती' नाव दिलं.

चिरंजीव आला, नखाने कोपरा उचकटून पाहिला. म्हणाला, गादीवाल्याला काय सांगू? म्हटलं, भित्तिचित्र आहे म्हणून सांग.

२३ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी

प्रदर्शन पार पडलं. जसं घडलं तसं लिहिते.

ग्रंथपालबाई वेळेवर आल्या. आत पाऊल टाकलं, चारी रंगांतले हे पाहिले आणि पर्स खाली ठेवून हात जोडले. मग पुढच्या चित्राला हात जोडले. मग पुढच्या. पूर्ण भिंत त्यांनी अशी केली. 'विश्रांती'पाशी त्यांना सुचेना, मान वाकडी करून जोडले. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, फार सोशिक माणूस होता, सभा किती वाजता आहे? मी म्हटलं, सभा नाही, पॉप आर्ट आहे. त्या म्हणाल्या, असू दे, असू दे, आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. भाषण तिथेच राहिलं.

गादीवाला टेप घेऊन आला. लांबी घेतली, रुंदी घेतली, मग हळूहळू टेप गुंडाळली. मी वाट पाहत होते. तो चिरंजीवाला म्हणाला, साहेब, हे निघतील का? चिरंजीव म्हणाला, भिंतीचा पोपडा निघेल. तो म्हणाला, रंग मारला तर? चिरंजीव म्हणाला, ही शाई वर येते, बाबांनी तशीच घोटलेली आहे. मग गादीवाला एकदा गोल फिरला. म्हणाला, राग मानू नका, काकू, पण माझं गिऱ्हाईक गादीवर आडवं होऊन बघतं. इतके जण असे बघत असताना कोण आडवं होईल? मलाच उठून उभं राहावंसं वाटतंय. त्याने जागा नको म्हणून सांगितलं आणि गेला.

चिरंजीवाचे खांदे हलायला लागले. मी घाबरले. पाहिलं तर हसत होता. भिंतीला टेकून खाली बसला, हिरव्या बाबांच्या खाली, आणि डोळे पुसत हसत होता. सूनबाईही हसायला लागली. मी कलाकार म्हणून जरा वेळ गंभीर राहिले.

इतक्यात आमचं जुनं गिऱ्हाईक, फिनाइलवाला. शटर वर दिसलं म्हणून सायकल थांबवून आत आला. म्हणाला, वहिनी, सुरू केलंत, बरं केलंत. दुसऱ्याकडची लेबलं पाण्यात सुटतात, बाटल्या नागड्या होतात. मग भिंतीकडे वळला. म्हणाला, हा कोणता माल? मी म्हटलं, माल नाही, कला आहे, आणि हे तुमचे नेहमीचे छपाईवाले आहेत. त्याने जवळ जाऊन पाहिलं. म्हणाला, अरे, भांग फिरवल्यामुळे ओळखलं नाही. मग एक कागद ओढून पाहिला, तो हलला नाही. चापट मारून पाहिली. म्हणाला, वहिनी, हेच मला द्या. हाच चेहरा. असा माणूस बाटलीवरून बघत असला तर कुणीही उठून फरशी पुसेल.

मी त्याला नीट समजावलं. पॉप आर्टवाले दुकानातून उचलून भिंतीवर नेतात, भिंतीवरून दुकानात आणत नाहीत. तो म्हणाला, बरं, पण परवापर्यंत होतील ना?

ठाम नाही म्हटलं. ह्यांना फिनाइलवर मी लावणार नाही. प्रत्येक गोष्टीला काही मर्यादा असते.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

एकंदर निकाल असा. कलाकार म्हणून माझी कुठे नोंद झालेली नाही. ग्रंथपालबाईंनी पुस्तक परत मागितलंय. चिरंजीव म्हणतो, गादीवाला गेला तर गेला, दुसरा शोधण्याची मला घाई नाही, आणि तू शटर बंद ठेवून बसणार नसशील तर कधीच शोधणार नाही.

रविवारी फिनाइलवाला गेल्यावर मी खुर्चीत बसून भिंतींकडे पाहिलं. हे चारही रंगांत माझ्याकडे बघत होते. ओल्या फरशीवर कुणाचा पाय उमटला की अगदी असेच बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शटर पूर्ण वर केलं, निळी शाई कालवली आणि फिनाइलची लेबलं छापली, ह्यांच्या चेहऱ्यासकट.